बारबेल कर्ल नीट कसा मारायचा: दंडाची बेटकुळी आणि कोपराखालचा हात

संध्याकाळी साडेसहाला कुठल्याही जिममध्ये डोकवा. आरशासमोर रॉड घेऊन उभा असलेला एक तरी मुलगा दिसेलच. दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेटा, कंबर मागे वाकलेली, गुडघ्यातून एक हिसका आणि रॉड थेट छातीशी. अशा वेळी मी त्याच्या दंडाकडे बघत नाही, मनगटाकडे बघतो. रॉड वर येताना मनगट मागे मोडत असतं, पंजा जमिनीकडे कलंडतो आणि सगळं वजन बोटांच्या पेरांवर लोंबकळायला लागतं. दंडात अजून ताकद शिल्लक असते, पण कोपराखालचा हात आधीच दमलेला असतो. मग उरलेलं काम कंबर करते.

कर्ल, म्हणजे हातातला रॉड कोपर दुमडून वर नेणं, हा ‘बायसेपचा व्यायाम’ म्हणून शिकवला जातो आणि तिथेच घोळ होतो. रॉड हातात धरलेला असतो, दंडाला बांधलेला नसतो. मनगट सरळ ठेवून जेवढं वजन पेलता येतं, तेवढंच दंडाच्या कामी येतं. म्हणून या लेखात दंड आणि फोरआर्म (कोपराखालचा हात) वेगळे काढलेले नाहीत. दोन्हींसाठी मिळून 12 आठवड्यांचा क्रम दिला आहे. त्याला एक रॉड, थोड्या प्लेटा, एक बाक आणि एक वही एवढं पुरतं.

रॉड उचलताना आत काय होतं

हात कोपरात दुमडून दंड फुगवला की जी गाठ वर येते ती बेटकुळी, म्हणजे बायसेप. वरच्या बाजूला तिची दोन टोकं खांद्याच्या पात्याच्या हाडाला जोडलेली असतात. खाली ती एका जाड टेंडनने, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीने, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला बांधलेली असते. हे हाड स्वतःभोवती वळणारं आहे, त्यामुळे बेटकुळीला दोन कामं करावी लागतात: कोपर दुमडणं आणि तळहात वरच्या दिशेला फिरवणं. उजव्या हाताने स्क्रू घट्ट पिळताना दंड टणक होतो तो यामुळेच.

बेटकुळीच्या खाली ब्रेकिअ‍ॅलिस नावाचा रुंद स्नायू असतो. तो करंगळीच्या बाजूच्या हाडाला जोडलेला आहे आणि ते हाड फिरत नाही. तळहात वर असो, खाली असो, कोपर दुमडायचं म्हटलं की ब्रेकिअ‍ॅलिस कामाला लागतो. दंड बाजूने जाड दिसतो त्यात याचा मोठा वाटा असतो.

तिसरा ब्रेकिओरेडिअ‍ॅलिस. नाव लांबलचक आहे, पण तो तुम्ही आत्ता बघू शकता. हातोडा धरल्यासारखी मूठ करा, अंगठा वर, आणि ती टेबलाच्या कडेखाली लावून वर दाबा. कोपराच्या वळणाशी, अंगठ्याच्या बाजूला एक जाड पट्टा उठून दिसेल. तोच हा. फोरआर्मचा वरचा फुगीर भाग मुख्यतः त्याचा असतो. तळहात पूर्ण वर असलेल्या साध्या कर्लमध्ये त्याला कमी काम मिळतं आणि तळहात खाली असलेल्या रिव्हर्स कर्लमध्ये जास्त.

उरलेले छोटे-छोटे स्नायू मनगट आणि बोटं हलवतात. मूठ आवळणारे आणि मनगट आत वळवणारे कोपराच्या आतल्या टोकापासून निघतात, मनगट मागे उचलणारे बाहेरच्या टोकापासून. हे लक्षात ठेवा. पुढे दुखण्याबद्दल बोलू तेव्हा हीच दोन टोकं पुन्हा येतील.

आता एक छोटं गणित. समजा रॉड प्लेटांसकट 20 किलोचा आहे, म्हणजे प्रत्येक हाताच्या वाट्याला 10. कोपरापासून तळहाताच्या मध्यापर्यंत साधारण 33 सेंटिमीटर अंतर असतं. बेटकुळीचा टेंडन मात्र कोपराच्या सांध्यापासून जेमतेम 4-5 सेंटिमीटरवर जोडलेला असतो. हात काटकोनात असताना वजनाची दांडी स्नायूच्या दांडीपेक्षा सातपट लांब होते. म्हणजे हातातले 10 किलो तोलायला कोपर दुमडणाऱ्या स्नायूंना मिळून सत्तर किलोच्या आसपास ओढ लावावी लागते. बाजाराच्या पिशवीइतकं वाटणारं वजन कर्लमध्ये एवढं जड का लागतं, याचं कारण हे. आणि हिसका दिला की ही ओढ त्या एका क्षणाला आणखी वाढते, तीही टेंडनवर.

रॉड निवडताना

स्पर्धेतला पुरुषांचा ऑलिम्पिक रॉड 20 किलोचा आणि 2.2 मीटर लांब असतो, महिलांचा 15 किलोचा. कर्लसाठी यातला कुठलाही सुरुवातीला नको. एवढा लांब रॉड तोलण्यातच हात दमतो. आपल्याकडच्या जिममध्ये चार किंवा पाच फुटांचे साधे भरीव रॉड असतात, ते या कामाला उत्तम.

मात्र या रॉडचं वजन किती, असं विचारलं तर ‘रॉड हिशोबात धरायचा नाही, प्लेटा मोजायच्या’ असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. कर्लमध्ये हे चालत नाही, कारण इथे पाच-सहा किलोंनी सगळा हिशोब बदलतो. काट्यावर ठेवता आला तर ठेवा. नाहीतर बांधकामावर सळईचं वजन काढायचं जे सूत्र आहे तेच वापरा: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162, की मीटरला किती किलो ते येतं. 25 मिलिमीटरचा भरीव रॉड मीटरला 3.86 किलो भरतो, 28 मिलिमीटरचा 4.84. चार फूट म्हणजे 1.22 मीटर. तेव्हा 25 चा चार फुटी रॉड सुमारे 4.7 किलो आणि 28 चा सुमारे 5.9 किलो. पोकळ पाइप असेल तर हे सूत्र लागू नाही.

जाडीकडेही बघा. लहान पंजाला 28 चा रॉड नीट मुठीत बसत नाही आणि पकड आधी सुटते. अशा हातांना 25 चा रॉड द्यावा. माझ्या अनुभवात मुलींच्या बाबतीत हे हमखास दुर्लक्षित राहतं. त्यांना ‘ताकद कमी’ म्हणून प्लेटा काढून दिल्या जातात, पण अडचण रॉडच्या जाडीची असते.

सरळ रॉड की झेड बार, म्हणजे मधे नागमोडी वाकवलेला रॉड? सरळ रॉडवर तळहात पूर्ण वर फिरवावा लागतो. बेटकुळीला ते चांगलं, पण सगळ्यांचं कोपर आणि मनगट तेवढं फिरत नाही. हात सरळ खाली सोडून तळहात समोर केला तर कोपराखालचा भाग शरीरापासून थोडा बाहेर कललेला दिसतो. हा कोन माणसागणिक वेगळा असतो, बायकांमध्ये सरासरी थोडा जास्त. ज्यांचा कोन जास्त, त्यांना सरळ रॉडवर मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला ताण जाणवतो. वजन हलकं करूनही हा ताण गेला नाही तर खुशाल झेड बार घ्या. दंड त्यावरही वाढतो.

सुरुवातीचं वजन

नुसता रॉड घ्या. पाठ, ढुंगण आणि दोन्ही दंडांची मागची बाजू भिंतीला टेकवा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. आता 12 वेळा कर्ल करा. वर नेताना मनात एक-दोन, खाली आणताना एक-दोन-तीन. भिंत सुटली नाही, मनगट मोडलं नाही आणि शेवटच्या दोन रेपना (रेप म्हणजे एकदा वर नेऊन खाली आणणं) जरा कष्ट पडले, तर हे तुमचं पहिल्या आठवड्याचं वजन. सहज झालं तर दोन्ही बाजूंना 1.25 ची प्लेट टाका, तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा करून बघा.

भिंतीची ही चाचणी दर महिन्याला एकदा करा. मोकळं उभं राहून किती उचलता हे भिंतीच्या आकड्याशी ताडून बघितलं की कंबर किती मदत करते ते कळतं. दोन्हींत अडीच-तीन किलोंचा फरक चालतो. दहा किलोंचा फरक असेल तर वरचे सात किलो पाठीचे आहेत.

कर्ल, पायरी पायरीने

आधी मनगट गरम करा. दोन्ही मुठी वळवून दहा फेऱ्या इकडे, दहा तिकडे. मग नुसत्या रॉडने 15 सावकाश रेप. थंडीत पहाटे व्यायाम करणाऱ्यांनी हे टाळू नये.

रॉड जमिनीवरून उचलताना गुडघे वाकवा. कर्लचं वजन हलकं म्हणून पाठीतून वाकून उचलायची सवय लागते आणि लचक तिथेच भरते, कर्लमध्ये नाही. स्टँड असेल तर रॉड मांडीच्या उंचीवर लावून तिथूनच घ्या. दोन्ही टोकांना लॉक लावा. हात थोडा कलला तरी प्लेट घसरते आणि दुसऱ्या टोकाचं वजन रॉड फिरवून टाकतं.

पकड. हात खांद्याएवढ्या अंतरावर, तळहात समोर. रॉड बोटांच्या मुळाशी टेकवू नका, तळहातात खोल, अंगठ्याच्या उंचवट्याच्या जवळ बसवा आणि अंगठा रॉडभोवती गुंडाळा. मग करंगळी आणि अनामिका मुद्दाम आवळा. बहुतेकांची मूठ तर्जनी-मधल्या बोटावर घट्ट आणि करंगळीकडे ढिली असते, त्यामुळे रॉड त्या बाजूने सुटतो आणि मनगट मोडतं. ही दोन बोटं आवळल्याबरोबर मनगट आपसूक सरळ होतं. करून बघा, फरक लगेच जाणवेल.

उभं राहणं. पाय कमरेएवढे रुंद, गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल. ढुंगण आवळलेलं, पोट आत न ओढता टणक केलेलं, जणू कोणी हलकीशी चापट मारणार आहे. खांदे मागे आणि खाली. कोपरं बरगड्यांच्या बाजूला, अंगाला चिकटवून दाबायची नाहीत, फक्त टेकलेली.

वर नेणं. रॉड उचलायचा असं मनात आणू नका. कोपर आहे तिथे ठेवून मूठ खांद्याकडे न्यायची आहे असं मनात आणा. पहिली वीतभर सगळ्यात महत्त्वाची, कारण हिसका तिथेच बसतो. तिथे घाई केली नाही तर पुढचा रेप नीट जातो. कोपर काटकोनात असताना वजन सगळ्यात जड लागतं, तिथे श्वास सोडायला सुरुवात करा. कोपरापासून मुठीच्या गाठींपर्यंत एक सरळ रेघ राहायला हवी. आरसा समोर असण्यापेक्षा बाजूला असलेला बरा, कारण ही रेघ बाजूनेच दिसते.

वरचं टोक. कोपराखालचा हात जवळजवळ उभा झाला, पण पुरता उभा झाला नाही, तिथे थांबा. त्याच्या पुढे कोपरं समोर उचलून रॉड हनुवटीपर्यंत नेणारे बरेच आहेत. हात उभा झाला की वजन हाडांवर उभं राहतं आणि दंडाला सुट्टी मिळते. वर एक क्षण बेटकुळी आवळा.

खाली आणणं. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. स्नायू लांब होत असताना वजन पेलतो तेव्हा तो वर नेण्यापेक्षा जास्त भार सहन करू शकतो आणि वाढीसाठी ही अर्धी वाट वर नेण्याइतकीच कामाची असते. रॉड वर नेऊन सोडून देणारा माणूस अर्धा व्यायाम करून पूर्ण थकवा घेऊन घरी जातो. तीन आकडे मोजत खाली या. श्वास आत. शेवटची वीतभर मनगटाची परीक्षा घेते. तिथे पंजा उघडून मागे पडू द्यायचा नाही. हात पूर्ण सरळ होऊ द्या, पण रॉडच्या धक्क्याने नाही, तुमच्या ताब्यात. मांडीला रॉड टेकवून विसावायचं नाही. अर्धा क्षण थांबा, मग पुढचा रेप.

तीन आकडे मोजायला लागलात की नेहमीचं वजन जड होईल. ते निःसंकोच कमी करा. पहिल्या दोन आठवड्यांत मी सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक तरी प्लेट काढावी लागली आहे.

माझ्या कोपराची गोष्ट

मी 19 वर्षांचा असताना 40 किलोचा रॉड झुलवत होतो. तेव्हाच्या जिममध्ये त्याला शाबासकी मिळत होती. दोन-तीन महिन्यांनी उजव्या कोपराच्या बाहेरच्या टोकाला ठुसठुसायला लागलं. व्यायामात फारसं दुखत नव्हतं, म्हणून मी तसंच रेटलं. मग एके दिवशी सांडशीने चहाचं पातेलं उचललं आणि हात असा लुळा पडला की चहा ओट्यावर सांडला. पुढचे चार महिने बादली डाव्या हाताने उचलली, दरवाजाची कडी डाव्या हाताने काढली.

त्या काळात फिजिओथेरपीच्या व्यायामात माझ्या हातात एक किलोचं डंबेल आलं. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळहात खाली, आणि मनगट हळूहळू खाली सोडायचं. 40 किलो झुलवणारा माझा हात एका किलोने थरथरत होता. मनगट मागे उचलून धरणारे स्नायू मी कधी व्यायामात घेतलेच नव्हते आणि झुलवताना रॉडचा सगळा धक्का तेच झेलत होते. खाली फोरआर्मला एवढी जागा दिली आहे ती यासाठी.

रिव्हर्स कर्ल

सगळं कर्लसारखंच, फक्त तळहात खाली. वजन निम्मं. कर्ल 20 ने होत असेल तर रिव्हर्स 10 ते 12 ने सुरू करा. बेटकुळीची ओढ या पकडीत कमी पडते, त्यामुळे भार ब्रेकिअ‍ॅलिस आणि ब्रेकिओरेडिअ‍ॅलिसवर जातो आणि मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंना संपूर्ण सेटभर, म्हणजे लागोपाठ काढलेल्या सगळ्या रेपभर, ताठ राहावं लागतं.

इथे मनगट खाली पडू बघतं, म्हणजे मुठी लोंबतात. मुठीच्या गाठी छताकडे किंचित उचललेल्या ठेवा. अंगठा रॉडखाली पक्का हवा. या व्यायामात सरळ रॉडपेक्षा झेड बार मला बरा वाटतो, कारण मनगट थोडं तिरकं राहतं. कोपराच्या वळणाशी अंगठ्याच्या बाजूला जळजळ व्हायला लागली की बरोबर जागी लागतंय असं समजा.

रिस्ट कर्ल, दोन्ही बाजूंनी

बाकावर बसा. कोपराखालचे दोन्ही हात मांड्यांवर सपाट, मनगटं गुडघ्यांच्या एक-दोन इंच पुढे, तळहात वर. रॉड हळूच खाली सोडा, मूठ थोडी उघडू द्या, रॉड घरंगळत बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत येऊ द्या. मग आधी बोटं मिटा, नंतर मनगट वर वळवा. बोटं मिटणं हा अर्धा व्यायाम आहे, कारण पकडीचे स्नायू त्यातूनच तयार होतात. रॉड बोटांच्या टोकापर्यंत मात्र जाऊ देऊ नका, तिथून तो निसटतो. 15 ते 20 रेप, वजन माफक. मांडीवरून हात उचलला जात असेल तर वजन जास्त झालं.

मग तळहात खाली करून हेच उलटं. मांडीवर हात तसाच, मुठी गुडघ्याबाहेर, आता मनगट मागे उचलायचं. नुसता रॉडही इथे जड जातो. चार फुटी रॉड पेलत नसेल तर एक-दोन किलोचं डंबेल घ्या, एकेका हाताने करा, खाली सोडताना तीन ऐवजी पाच मोजा. मोठे दिसणारे लोक या व्यायामाला लाजतात. लाजू नका, कोपर टिकवणारा व्यायाम हाच आहे.

पकडीसाठी आणखी एक साधी गोष्ट: सगळं झाल्यावर रॉड हातात धरून, हात खाली सोडून 30 ते 40 सेकंद नुसतं उभं राहणं. कर्लच्या दीडपट वजन घ्या. तालमीतल्या पैलवानांचे हात बघा. त्यातल्या कित्येकांनी रिस्ट कर्ल हे नावही ऐकलेलं नसतं. पण आखाड्यातली माती फावड्याने खणणं, दोर चढणं, मुद्गल फिरवणं आणि कुस्तीत समोरच्याची दस्ती ओढून धरणं, या सगळ्यात मूठ मिनिटामिनिटाला आवळलेली असते. फोरआर्मला कामाचा वेळ लागतो, तो त्यांना रोज मिळतो. शेतात खुरपं-कुदळ चालवणाऱ्यांचंही तेच. तुमचं दिवसभराचं काम असं असेल तर रिस्ट कर्लचे सेट निम्मे केले तरी चालतील.

12 आठवडे

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुट्टी. सोमवार-गुरुवार किंवा मंगळवार-शुक्रवार. पाठीच्या व्यायामात रोइंग किंवा पुलअप्स करत असाल तर त्यातही दंड काम करतो, तेव्हा कर्ल पाठीच्या दिवशीच, पाठीनंतर घ्या. रोज ‘थोडा बायसेप’ मारायची सवय सोडा. स्नायू विश्रांतीत भरून निघतो आणि टेंडन त्याच्याहून सावकाश.

पहिले 3 आठवडे: कर्ल 3 सेट 12 रेपचे, भिंतीच्या चाचणीत ठरलेल्या वजनाने. उलटा रिस्ट कर्ल 2 सेट 15 चे, रिस्ट कर्ल 2 सेट 15 चे. सेटमध्ये दीड-दोन मिनिटं. रिव्हर्स कर्ल अजून नाही. या काळात वजन वाढवायचं नाही, सगळे रेप एकसारखे दिसले पाहिजेत.

4 ते 8 आठवडे: कर्ल 3 सेट, 8 ते 12 रेप. रिव्हर्स कर्ल 2 सेट 10 ते 12 चे. रिस्ट कर्ल दोन्ही बाजूंनी पूर्वीसारखेच, शेवटी रॉड धरून उभं राहणं. वजन वाढवण्याचा नियम असा: तिन्ही सेटमध्ये 12 रेप नीट झाले, तेही लागोपाठ दोन वेळा, की वजन वाढवा आणि पुन्हा 8 पासून सुरू करा. यात एक अडचण येते. जिममधली सगळ्यात छोटी प्लेट बहुधा 1.25 ची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून अडीच किलो. 20 किलोच्या कर्लमध्ये ती साडेबारा टक्क्यांची उडी होते. 100 किलोच्या स्क्वॉटमध्ये हीच वाढ अडीच टक्के असते. म्हणून कर्ल ‘अडकतो’. हार्डवेअरच्या दुकानातून रॉडवर बसतील असे जाड वॉशर घ्या, वजन करून त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या जोड्या बनवा. मी वर्षानुवर्षं ते वापरतो आहे.

9 ते 11 आठवडे: कर्ल 4 सेट, पहिले दोन थोड्या जड वजनाने 6 ते 8 रेपचे, पुढचे दोन हलक्याने 12 चे. बाकी तसंच. प्रत्येक सेटमध्ये एक-दोन रेप अजून निघाले असते असं वाटत असताना थांबा. हातपाय झाडून काढलेला शेवटचा रेप वहीत लिहायचा नाही.

12 वा आठवडा: सगळं निम्मं. निम्मे सेट, हलकं वजन. आठवड्याच्या शेवटी भिंतीची चाचणी आणि पहिल्या दिवसाच्या आकड्याशी तुलना. मोजपट्टीने दंड मोजायचा असेल तर सकाळी, व्यायामाआधी मोजा. व्यायामानंतरचा पंप, म्हणजे स्नायूचा तात्पुरता फुगवटा, तासाभरात उतरतो आणि त्याचं माप खोटी आशा लावतं.

दंड भरायचा असेल तर ट्रायसेप, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू, तोही विसरू नका. दंडाचा निम्म्याहून जास्त भाग मागच्या बाजूचा आहे. जोर मारत असाल किंवा बेंच प्रेस करत असाल तर त्याची बरीचशी सोय होते.

दुखतंय ते कुठे?

दुसऱ्या दिवशी बेटकुळीच्या मध्यावर दुखणं, हात सरळ करताना ओढ लागणं हे नव्या व्यायामाचं नेहमीचं आहे. दोन-तीन दिवसांत जातं.

कोपराच्या बाहेरच्या टोकाला दुखणं, कप उचलताना किंवा कपडे पिळताना कळ येणं हा टेनिस एल्बो. आतल्या टोकाला दुखणं हा गोल्फर्स एल्बो, तो बहुधा मनगट मागे मोडून कर्ल मारल्याने येतो. दोन्हींत वजन निम्म्यावर आणा, रेप सावकाश करा, वाढत असेल तर कर्ल थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पट्टा बांधून तेच वजन रेटू नका. मी तेच केलं होतं.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर कोपरामागून जाणारी नस दबते आहे. हे तपासून घ्या.

आणि एक गोष्ट तातडीची. वजन उचलताना कोपराच्या पुढच्या बाजूला फटकन आवाज आला, बेटकुळी वर सरकून गोळा झाली, निळं पडलं, तर टेंडन तुटलेला असू शकतो. हे मध्यमवयीन पुरुषांत जास्त दिसतं. बर्फ लावून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते, नंतर टेंडन आक्रसतो.

कोपर ऐन वेळी दगा देतं तेव्हा काय होतं ते आपण 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बघितलं. सांगलीचा संकेत सरगर वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात सुवर्णाच्या जवळ होता. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे रॉड आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर उचलायच्या प्रकारात, त्याचं उजवं कोपर गेलं आणि एकूण 248 किलोवर त्याला रौप्य मिळालं. सुवर्णविजेत्याचे 249 होते. तो प्रकार वेगळा, वजनं वेगळी, तयारी कितीतरी पटींनी मोठी. पण सांधा तोच आहे, आणि एवढ्या तयारीच्या खेळाडूचा तो जाऊ शकतो तर आपण हलक्यात घेऊ नये.

रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि श्वास कोंडून रेप काढू नये.

खाण्याबद्दल थोडंच

वजन उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात. 60 किलोच्या माणसाला 96 ग्रॅम. एका अंड्यात 6 ग्रॅम, मोठ्या ग्लासभर दुधात 8, मूठभर शेंगदाण्यांत 7-8, 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25 च्या आसपास, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18. मटकी-चवळीची उसळ, वरण, दही रोजचं असेल तर उरलेली भर यातून पडते. फक्त वरण-भात-भाजीवर हा आकडा गाठता येत नाही, हे मात्र खरं. पावडर घेतली तर सोय होते, नाही घेतली तरी अडत नाही. आधी सात तास झोप पूर्ण करा.

वहीत काय लिहायचं

तारीख, रॉडसकट वजन, प्रत्येक सेटचे रेप, आणि शेवटी एक शब्द मनगटाबद्दल: ‘सरळ’ किंवा ‘मोडलं’. ज्या सेटपुढे ‘मोडलं’ लिहिलंय तो 12 रेपचा असला तरी वजन वाढवण्याच्या हिशोबात धरायचा नाही. सहा-सात पानं भरली की दिसायला लागतं की मनगट नेहमी कितव्या रेपला मोडतं. बहुतेकांचं नवव्या-दहाव्याला मोडतं. मग पुढच्या वेळी आठव्या रेपनंतर रॉड खाली न ठेवता, हात सरळ करून एक श्वास घ्या, करंगळी पुन्हा आवळा आणि नववा काढा.

सेट संपला की गुडघे वाकवून रॉड जमिनीवर ठेवा. लॉक काढायच्या आधी एका पायाने रॉड अडवा, आणि प्लेटा दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढा.